शांत मुलांचं पाळणाघर

गेल्या महिन्यात आमच्या बालाघाटात व्यसनमुक्तीवर एक सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, पुढं खुर्च्या, हारतुरे, सगळं रीतसर. वक्ते बाहेरगावचे होते. ते म्हणाले, व्यसन हे हल्लीच्या तरुण पोरांना लागलेलं खूळ आहे. ते सिनेमातून, शहरी हवेतून आणि वाढवलेल्या केसांतून येतं. आपली खेड्यापाड्यांतली साधीभोळी माणसं त्यापासून अजून दूर आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठून सांगावंसं वाटलं, अहो, माझ्या नोकरीत मी पाहिलेली पहिली अफूबाज सात महिन्यांची होती. तिला धड बसता येत नव्हतं, आणि वाढवायला डोक्यावर केसही नव्हते.

पण उठले नाही. सरकारी नर्सला सभेत गप्प बसायची सवय लागते. त्या सवयीबद्दलही मला इथं लिहायचं आहे. संपादकांनी कळवलं होतं, 'नर्सबाई, दिवाळी अंकासाठी नोकरीतले दोन गमतीदार अनुभव लिहा.' गमती बावीस वर्षांत पुष्कळ झाल्या. थर्मामीटर लावला आणि ताप उतरला, म्हणून तो घरी न्यायला मागणारे आजोबाही भेटले. पण त्या सभेनंतर गंमत लिहायला हात वळेना.

मी भंडाऱ्याकडची. छप्पन साली नोकरीला लागले तेव्हा भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. वर्ष संपायच्या आत मधून राज्याची सीमा गेली, माझं माहेर मुंबई राज्यात गेलं आणि मी मध्यप्रदेशात राहिले. तेव्हापासून बायकांशी बोलायचं मराठीत आणि कागदावर लिहायचं हिंदीत, अशी माझी नोकरी. बाळंतपणं करायची, मुलांची वजनं घ्यायची, देवी टोचायच्या दिवशी मदत करायची, आणि महिन्यातून दोनदा एका मँगनीजच्या खदानीवर जाऊन तिथलं पाळणाघर तपासायचं. खदानीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीचे खदानवाले आपण सुटलो म्हणून हात झटकतील.

खदानीत पुरुष सुरुंग लावून दगड फोडत. बायका तो हातोडीनं बारीक करत, माल आणि माती वेगळी करत आणि टोपल्यांनी वर आणत. जिथं इतक्या बाया कामाला असतात तिथं त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं, असा कायदा होता. म्हणून एक कौलारू लांबट खोली होती. तिच्या आडव्या बल्ल्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असत, आणि सांभाळायला चैतीबाई नावाची पन्नाशीची आया होती. दाराजवळ खिळ्याला सुतळीनं एक जाड वही टांगलेली असे. भेट देणाऱ्यानं त्यात शेरा लिहायचा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी थक्क झाले. वीस-बावीस लेकरं आणि आवाज म्हणून नाही. आमच्या आरोग्य केंद्रात चार पोरं जमली तर कानठळ्या बसायच्या. इथं झोळ्या नुसत्या संथ हलत होत्या. चैतीबाई जमीन सारवत होती, आणि सारवणंही कसं, नखाचा ओरखडा दिसणार नाही असं. मी खूश होऊन वहीत लिहिलं : 'बच्चे शान्त पाए गए। व्यवस्था सन्तोषजनक।' पुढच्या भेटीला तेच लिहिलं, त्याच्या पुढच्यालाही तेच. जवळजवळ वर्षभर मी हेच लिहीत होते. चैतीबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला शेरा वाचून दाखवायची आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. माझे शेरे बघून खदानीच्या ठेकेदारानं दिवाळीला तिला लुगडं दिलं. ते नेसून ती मला दाखवायला केंद्रावर आली होती. मीसुद्धा 'शोभतंय हो' म्हणाले.

मग पाळणाघरात देवी टोचायचा दिवस आला. आमचा देवीवाला दंडावर औषधाचा थेंब ठेवून त्यावर काट्यांची फिरकी दाबून फिरवायचा. मोठी माणसंही त्याला बघून मागच्या दारानं पळत. त्यानं ओळीनं सात लेकरांना टोचलं. सातांपैकी एकही रडलं नाही. एकीनं फक्त ओठ जरासे हलवले. देवीवाला हसून म्हणाला, "बाई, ये तो सब पहलवान निकले."

मला हसू आलं नाही. काटे टोचल्यावर जे बाळ रडत नाही ते शूर नसतं, आजारी असतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं बाळबोध ज्ञान. आणि ते मी वर्षभर विसरले होते. मी त्या ओठ हलवणाऱ्या पोरीला दारात उजेडाकडे नेलं. पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. तळव्याला टिचकी मारली तर तिनं पाय आखडून घेतला नाही. पोट फुगलेलं, कातडी सैल. पिढीजात अफू खाणाऱ्या एका म्हाताऱ्याचे असे डोळे मी दवाखान्यात पाहिले होते. लेकराच्या चेहऱ्यात ते पाहिले नव्हते.

"चैतीबाई, काय देता यांना?"

"काई नाई जी, बाळगोळी देतो. अफूची. पुडी मुन्शीच आनून देते."

"सगळ्यांना?"

"हौ. सकाळी माय सोपवून गेली का बोटावर घेऊन चाटवतो. लहान्याले राईच्या दान्याएवढी. दात आले का जवारीएवढी." मीठ-तिखटाचं प्रमाण सांगावं तसं तिनं सांगितलं. "काहून बाई? तुमच्याकडं नाई देत?"

देत होते. आमच्याकडेही देत होते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर लेकरू झोपावं म्हणून बाया देत, विड्या वळायला सुपासमोर बसणाऱ्या देत. मलाही माझ्या आजीनं दिलीच असेल. पण आई आपल्या हातानं चार दिवस देते ते एक, आणि खदानीच्या मुन्शीनं सुरुंगाच्या सामानाबरोबर अफूची पुडी मोजून आणावी हे दुसरं. तेव्हा जुन्या अफूबाजांना डॉक्टरी दाखल्यावर परवान्याच्या दुकानातून अफू मिळे. तिथूनच पाझरत पाझरत ती मुन्शीच्या हातात येई. रडणारं पोर म्हणजे मधूनच पाजायला उठणारी आई, आणि उठलेली आई म्हणजे थांबलेली टोपली. ठेकेदाराचा हिशेब एवढा सरळ होता. कायद्यानं पाळणाघर मागितलं, त्यानं दिलं. त्यात पोरं जागी असावीत असं कायद्यात कुठं लिहिलं होतं?

ती ओठ हलवणारी पोरगी म्हणजे इंदू. तिची आई दुरपता, माहेर राजेगावचं. माझी एक आत्या राजेगावात दिलेली, आणि आम्ही दोघी नुकत्याच बौद्ध झालेल्या घरांतल्या. त्यामुळे ती मला परकी मानत नव्हती. मी तिच्या घरी गेले आणि तावातावानं सांगितलं, "उद्यापासून अफू बंद. विष आहे ते." तिनं ऐकलं. नर्सबाईनं सांगितलं म्हणून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ती केंद्रावर आली ती रागानं लाल होऊन. "बाई, हे काय केलं तुमी? पोरगी तीन दिवसांपासून रडून राह्यली. नाक वाहून राह्यलं, जुलाब होऊन राह्यले, अंगाले थरथर सुटली. दूध घेत नाई. मुकादमानं मले दोनदा कामावरून घरी पाठवलं. मजुरायच्या लाईनीतल्या बाया म्हनतात, नर्सनं दृष्ट लावली." मग हळू आवाजात म्हणाली, "आज सकाळी चैतीबाईपासून आनून दिली मी परत. चाटवल्याबरोबर झोपली. तुमची अक्कल तुमच्याजवळ ठेवा."

मला राग आला, आणि तो माझ्यावरच यायला हवा होता. सात महिन्यांच्या जिवालाही व्यसन लागतं, आणि लागलेलं व्यसन एकदम तोडलं तर ते जीव काढतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हळूहळू कमी करा. पण कागदावर काही लिहू नका."

हळूहळू म्हणजे कसं? राईच्या दाण्याचे तुकडे कोण करणार? मग मला दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटल्या आठवल्या, कडेनं कागदाच्या खुणेची पट्टी चिकटवलेल्या. त्यातली एक मी आणली. दुरपताजवळच्या गोळ्या त्यात पाण्यात विरघळवल्या. पाणी चहासारखं तपकिरी झालं. तिला सांगितलं, "रोज सकाळी घरीच एक चमचा पाज. आणि जेवढं काढलंस तेवढं उकळून गार केलेलं पाणी त्यात परत घाल. पट्टीवरची खूण खाली जाता कामा नये." चमचा तोच, वेळ तीच, बाटली भरलेलीच. आईला धीर, पोरीला चाळा, आणि औषध मात्र रोज थोडं पातळ. नोकरीत मी काढलेली ही एकच युक्ती, आणि तिचा मला फार अभिमान होता. चैतीबाईला बजावलं, इंदूला बोट लावायचं नाही. ती म्हणाली, "हौ जी. एका पोरीचं रडनं मी सांभाळून घेईन."

पाणी पातळ होत गेलं तशी इंदू जागी झाली. आधी नजर फिरवू लागली, मग दूध ओढून प्यायला लागली, मग बसली. देवी टोचलेली तिला आठवत असावी, कारण माझी पांढरी साडी दिसली की ती भोकाड पसरायची. बावीस झोळ्यांच्या त्या मुक्या खोलीत तेवढा एक आवाज. दुरपता दगड फोडता फोडता तो ऐकायची आणि बाजूच्या बाईला सांगायची, "माही हाय ते." आणखी तीन लेकरांच्या आयांनी मला बाटल्या मागितल्या; त्या अजून द्यायच्या होत्या. मला वाटलं, वर्षात खोली गजबजेल.

तेवढ्यात लेबर खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून निरोप आला. ठेकेदारानं चुना मारून घेतला, पताका लावल्या. माझ्या केंद्रालाही बोलावणं होतं. सकाळी आयांनी मुलं सोपवली आणि त्या खाली खदानीत गेल्या. त्यानंतर मुन्शी पाळणाघरात आला. पुढचं मला चैतीबाईनं नंतर सांगितलं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज एक भी बच्चा रोना नहीं चाहिए. मेरे सामने दे." तिनं ओळीनं सगळ्यांना परत चाटवलं. इंदूच्या झोळीपाशी ती थांबली. म्हणाली, "हिले नर्सबाईनं मना केलं हाय." मुन्शी म्हणाला, "नर्सबाई तनखा देती है क्या?" इंदूला तोवर दात आले होते. चैतीबाईनं जवारीएवढी दिली.

अकराच्या सुमारास साहेबांबरोबर मी आत गेले. साहेब झोळ्यांमधून फिरले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा" म्हणाले. मी इंदूच्या झोळीत पाहिलं. ती झोपली होती. माझी पांढरी साडी तिच्यापासून हातभर अंतरावर होती आणि ती रडत नव्हती. मी झोळीकडे हात नेला. पण साहेब बोलत होते, ठेकेदार हात जोडून उभा होता, आणि कोणीतरी माझ्यापुढं वही धरली. 'सिस्टर, आप लिखिए.' मी लिहिलं : 'बच्चे शान्त पाए गए। व्यवस्था सन्तोषजनक।' खाली सही केली. हात कापला नाही, हे मला अजून आठवतं आणि अजून चीड येते.

साहेब मांडवात चहाला गेले आणि मी परत इंदूच्या झोळीकडे धावले. टिचकी मारली, चिमटा काढला. ओठ निळे पडले होते. श्वास इतका सावकाश, की पुढचा येईल की नाही याची वाट बघावी. तिला खाली घेऊन तोंडानं श्वास देत राहिले. चैतीबाईनं खाली धावत जाऊन दुरपताला आणलं. मालाचा एक ट्रक सुटत होता, त्यात आम्ही बसलो. मी श्वास देत होते आणि दुरपता तिचे पाय चोळत म्हणत होती, "रड ना वो माय, रड." बालाघाट यायच्या आधी मला कळलं, की आता मी एकटीच श्वास घेतेय.

बाकीची एकवीस मुलं संध्याकाळी नेहमीसारखी जागी झाली. त्यांना सवय होती. जिची सवय सुटत आली होती तीच मेली. अफूचं हेच असतं. शरीर ती विसरायला लागलं, की जुनाच दाणा मारतो. डॉक्टरांना ठाऊक असणार. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चैतीबाईला नुसतं 'बोट लावायचं नाही' न म्हणता 'दिलीत तर मरेल' असं म्हटलं असतं. मुन्शीसमोर कदाचित तिचा हात थांबला असता.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मुन्शीनं पोलीस शिपायाला सरळ दुरपताच्या घरी नेलं आणि माझी बाटली आणवली. पंचांसमोर ठेवली. "देखिए, अफीम माँ के घर से निकली." शिपायानं बाटली हलवून पाहिली. आत जवळजवळ नितळ पाणी होतं. त्यानं विचारलं, "किसकी है?"

दुरपतानं माझ्याकडं पाहिलं. कालच्या दिवसानं तिचे डोळे सुकून गेले होते. ती म्हणाली, "माही."

माझी नोकरी वाचावी म्हणून म्हणाली. आणि मी गप्प राहिले. डॉक्टर तिथंच होते, तेही गप्प राहिले. त्यांनी कागदावर काही लिहिलं नव्हतं, आता तोंडानंही काही बोलले नाहीत.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी लेखी दिलं : बाटली माझी, युक्ती माझी, अफू खदानीची. दुरपतावरचं बालंट त्यामुळे टळलं, एवढंच समाधान. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि लामता नावाच्या आडगावी बदली. चैतीबाईला काढून टाकलं. तिला दिलेलं लुगडंही मुन्शीनं परत मागितलं म्हणे. ठेकेदाराला आणि मुन्शीला काही झालं नाही. अहवालात कारण लिहिलं : 'माताओं का अज्ञान.' अज्ञान! पुडी आणणारा शहाणा, ती चाटवून घेणारा शहाणा, शांतता बघून 'बहुत अच्छा' म्हणणारा शहाणा, आणि दिवसभर दगड फोडणारी बाई तेवढी अज्ञानी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरांनीच पंचनामा लिहिला. आणि त्या शहाण्यांच्या यादीत वर्षभर सह्या करणारी मीही होते. हे लिहिल्याशिवाय मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

लामत्याला मी बारा-तेरा वर्षं काढली. तिथं प्रत्येक बाळंतिणीला मी पहिलं हेच विचारी, गोळी देतेस का. खरं सांगितलं तर ओरडत नसे. खुणेची बाटली देई, आणि सासूला, नणंदेला, शेजारणीला, त्या लेकराला हात लावणाऱ्या प्रत्येकीला समोर बसवून सांगे, की आता जुना दाणा दिलात तर मरेल. मराठीत सांगे, हिंदीत सांगे, चिडून सांगे. एकही लेकरू गेलं नाही. पण ती बढाई इंदूच्या जिवावरची आहे.

सत्तरनंतर माझी बदली परत बालाघाटला झाली. खदान तीच, ठेकेदार बदललेला. पाळणाघराची वाट चढतानाच मला कालवा ऐकू आला. वीसेक पोरं एकाच वेळी बोंबलत होती. दारात एक बाई एक पोर काखेत आणि एक खांद्यावर घेऊन उभी होती. केस पिकायला लागलेले. दुरपता.

"तू? इथं आया?"

"हौ. आधीच्या दोघी टिकल्या नाई. पोरं रडतात म्हनून मुन्शी ओरडते. मी म्हनलं, मले ठेव. मले रडन्याचा तरास नाई होत." मग ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी बुकात काय लिहिलं होतं तुमी? मले कोनी सांगतलं नाई."

वही तीच होती, खिळाही तोच. पान सापडायला वेळ लागला नाही. मी वाचून दाखवलं, सहीसकट. तिनं ऐकलं. खांद्यावरचं पोर काखेत घेतलं, काखेतलं खांद्यावर. "बरं," ती म्हणाली. "आता आजचं लिहा."

मी नव्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं : 'बच्चे रोते पाए गए। व्यवस्था सन्तोषजनक।' सही केली आणि तिला वाचून दाखवलं.

दुरपता पुढं झुकली. "जोरानं वाचा ना, बाई. पोरायच्या रडन्यात काईच ऐकू नाई येऊन राह्यलं."